समोरासमोरच्या दोन राजधान्या

हँड सॅनिटायझरचा वास आला की सेंदाईतल्या आमच्या लॅबची चहाची खोली आठवते. कोरोनाचं पहिलं वर्ष होतं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, सामान्यज्ञान घोकून वर आलेला, आणि त्याचा मला अभिमान आहे. त्या संध्याकाळी ब्राझाव्हिलचा माझा सहकारी आत आला, तसा मी जपानी पोरांना सांगू लागलो, “ह्याचं गाव म्हणजे गंमतच आहे. काँगो नदीच्या अलीकडे ह्यांची राजधानी, पलीकडे किन्शासा, दुसऱ्याच देशाची. जेवायला परदेशी जा, झोपायला घरी या.” पोरं हसली. तो मास्कआडून हळूच म्हणाला, “काल माझी आई गेली. भाऊ किन्शासात अडकलाय. सरहद्द बंद, बोटी बंद. मूठमाती द्यायला घरचं कुणी नाही.” त्यानं फोन पुढे धरला. भाऊ काठावर उभा होता, मागे तपकिरी पाणी आणि त्यापलीकडे त्यांचंच शहर, इमारती मोजता येतील इतकं जवळ. “बोटीला किती वेळ लागतो, तेही सांग ना ह्यांना,” तो म्हणाला. “वीस मिनिटं,” मी सांगून टाकलं, कारण मला ते पाठ होतं. आता आफ्रिकेला निघालेले ओळखीचे लोक तिकडच्या गमती विचारतात, तेव्हा मी बाकीच्या सगळ्या सांगतो.