दर्यात दुकान नाय

पनवेलच्या क्लासमध्ये माझ्या शेजारी उरणच्या कोळीवाड्यातल्या एक ताई बसायच्या. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका कंटेनरमध्ये भरायचं आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवायचा, हे आम्ही शिकत होतो. प्रोग्राम फक्त ‘नमस्कार’ म्हणायचा. ताईंनी त्यासाठी अख्खं फोल्डर भरलं, पुतणीच्या हळदीच्या फोटोंसकट.

“ताई, एवढं कशाला?” सर म्हणाले.

“सर, दर्यात दुकान नाय. आमचे मालक एकदा हलकी होडी घेऊन गेले, जादा सामान घरीच ठेवून. मधीच इंजिनाचा पट्टा तुटला. दुसऱ्या होडीला बांधून आनले.”

ताईंचा कंटेनर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरेपर्यंत आमचा चहा झाला. मग नमस्कार आला.

माझा कंटेनर झटकन उतरला. एक फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर राहिली होती, त्यामुळे तो काहीच बोलला नाही.