हलणारा कठडा

विद्याधर नगरातल्या आमच्या घराला गच्ची होती, पण कठडा नव्हता. नवऱ्याची बँकेतली बदली जयपूरला झाली, घर घेतलं, आणि पहिल्याच संक्रांतीला सगळ्या गल्लीला गच्चीवर बोलवायचं ठरलं. म्हणून ठेकेदाराकडून घाईघाईने कठडा बांधून घेतला. गुलाबी रंग दिल्यावर तो फार देखणा दिसायला लागला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सासूबाई पतंग बघायला वर गेल्या. कठड्यावर हात ठेवून वाकल्या आणि ओरडल्याच, "अगं, हा हलतोय!"

मी धावत जाऊन त्यांना मागे ओढलं. ठेकेदाराला लगेच बोलावलं.

"नई दीवार है माताजी, सेट हो रही है," तो हसत म्हणाला.

"बरं. मग टेकून उभे राहा पाहू," सासूबाई म्हणाल्या.

त्याने बोटांनी भिंतीला हलकेच स्पर्श केला.

"हाताने नाही, पाठीने."

सासूबाईंचं मराठी त्याला बरोबर कळलं. तो दोन पावलं मागे सरला आणि फोन आल्याचं निमित्त करून जिना उतरला, तो पुन्हा आलाच नाही.

उद्या तिथे गल्लीतली पोरं पतंग उडवत धावणार होती. नवरा म्हणाला, "पाडूया." समोरच्या भाभीजींनी खाली रस्ता अडवून धरला, त्यांचे यजमान वर आले, आणि आम्ही एकेक वीट आतल्या बाजूला काढत गेलो. हातोडी लागलीच नाही. सिमेंट म्हणून नुसती वाळू सांडत होती. भीती ओसरली तसं आम्हाला हसू फुटलं. धुळीने माखलेल्या नवऱ्याला बघून तर आवरेचना.

"कल सब हमारी छत पे," भाभीजींनी खालूनच जाहीर केलं.

संक्रांतीला आमचा तिळगूळ आणि त्यांच्या शेवयांसारख्या गोड फिण्या एकाच ताटात होत्या. कोणीतरी सासूबाईंच्या हातात मांजा दिला. जन्मात पतंग न उडवलेल्या त्या बाईने पलीकडच्या गच्चीवरचा पतंग कापला, कसा ते त्यांनाही कळलं नाही. सगळे ओरडले, "वो काटा!"

नवा कठडा पुढे दुसऱ्या मिस्त्रीकडून नीट बांधून घेतला. पण संक्रांतीच्या त्या दिवशी जेवायची हाक मारली, तर सासूबाई वर बघतच म्हणाल्या, "थांब गं, अजून तो हिरवा राहिलाय."