नाताळ राहूला चालले

शिरूरच्या मिशन कंपाउंडमधून पहिली बैलगाडी बाहेर पडली तेव्हा तिच्यात तीन उंट बसले होते. दुसऱ्या गाडीत एक गाय आणि तीन मेंढरे होती. तिसऱ्या गाडीत गाढव आणि त्याच्या शेजारी मी. आमच्यामागे फिरत्या चक्रीचे खांब आणि कागदी चांदण्यांच्या पेट्या येत होत्या. जनावरे अर्थात लाकडाची. गाडीला जुंपलेले बैल तेवढे खरे होते.

हा सगळा पसारा योहानमामांचा. मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलेला, साठीकडे झुकलेला हा गृहस्थ नाताळात कंपाउंडच्या मोकळ्या जागेत चक्री लावी. बेथलेहेमच्या गोठ्यातली जनावरे त्या चक्रीवर गोल फिरत. पुढे हीच चक्री कवठे येमाईच्या जत्रेत, मग आणखी चार गावांत जाऊ लागली. भर वैशाखात, आंब्यांच्या पाट्यांशेजारी, डोक्यावर चांदणी लावलेली. परिणाम असा झाला की शिरूर आणि दौंड भागात 'नाताळ' या शब्दाचा अर्थच बदलला. "नाताळ आलं का?" म्हणजे चक्री आली का. "म्या दोनदा नाताळात बसलो" असे लोक बिनदिक्कत सांगतात. आता मामांनी भीमेपलीकडे राहू गावाच्या शिवारात स्वतःची जमीन घेतली होती. तिथे कायमची नाताळबाग उभी राहायची होती आणि मामांनी मला या प्रवासाला बोलावले होते.

मी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवतो. मामांची आणि माझी गाठ रंगाच्या दुकानात पडली. उंटाच्या डोळ्यांना कोणता रंग द्यावा, असे त्यांनी विचारले आणि मी अधिकारवाणीने सांगितले. वास्तविक मी उंट जवळून कधीच पाहिला नव्हता. मामा मात्र त्या दिवसापासून मला 'गुरुजी' म्हणू लागले. त्यांनी तसे म्हटले की मी आजही विषय बदलतो.

दुपारी न्हावऱ्याच्या अलीकडे बाभळीखाली गाड्या सोडल्या. बाजरीची भाकरी, ठेचा आणि कांदा. मामा सकाळपासून पायी चालत होते आणि मी, त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, गाडीत बसलो होतो. उतरावे असे दर मैलाला वाटे. उतरलो नाही.

जेवता जेवता मामांचा मुलगा दानिएल म्हणाला, "बाबा, नव्या जागंत तरी घोडा लावू. तयार हाय, मागच्या गाडीत गोणपाटात गुंडाळलाय."

"आन् हे?" मामांनी गाढवाकडे मान केली.

"हे काढू. कोण बसतंय त्याच्यावर? पोतं."

मला उलगडा होईना. तेव्हा दानिएलने समजावून सांगितले. गाढवावर उलटे बसवून माणसाची धिंड काढतात. त्यामुळे इतक्या वर्षांत जत्रेतला एकही माणूस, एकही पोर त्या गाढवावर बसले नव्हते. मंडळीतली (ख्रिस्ती समाजातली) मुले आधी बसत, पण गावातली पोरे चिडवू लागल्यावर तीही थांबली. एक जागा रिकामी राहिली की चक्री कलते आणि कुरकुरते. म्हणून चक्री फिरताना वजनासाठी गाढवाच्या पाठीवर कायम वाळूचे पोते बांधलेले असे.

"सगळ्या जत्रंत हसू व्हतं, गुरुजी," दानिएल म्हणाला. "लोक विचारतात, पोत्याला तिकीट लावलं का?"

मामांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाले, "पयल्या वर्षी माझ्याकडं लाकूड एवढंच व्हतं, एका जनावराचं. म्या ते गाढव केलं. मिशनच्या देवळासमोर एकटंच ठेवलं. कुणी येईना, म्हणून पुढल्या साली गाय केली. मग मेंढरं, मग उंट. ही सगळी ह्याच्यापायी आली."

"ते खरं हाय. पण..."

"ऐक. पयल्या दिवशी दिवे मालवायच्या आत कुणी आपणहून ह्याच्यावर बसलं न्हाई, तर काढ आन् लाव तुझा घोडा. घरचं माणूस धरायचं न्हाई, मंडळीतलं न्हाई. आन् कुणाला बस म्हणायचं न्हाई."

दानिएलने मान डोलावली. मामा उठून गाढवाच्या पाठीवरची धूळ पंच्याने पुसू लागले. मी त्यांच्या घरचा नव्हतो, मंडळीतलाही नव्हतो. हे माझ्या लगेच ध्यानात आले आणि मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो.

न्हावऱ्यात आमच्या मिरवणुकीभोवती गाव गोळा झाले. "नाताळ कुठं चाललं?" असे जो तो विचारी. "राहूला चाललं," गाडीवान सांगे. एका बाईने तांब्याभर पाणी आणून बैलांच्या पायांवर घातले. लाकडी गाईला हळदकुंकू लावले आणि तिन्ही उंटांनाही. आमच्या गाडीपाशी आली, गाढव पाहिले आणि पदर तोंडाला लावून पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी भीमेच्या उतारावर (नदी पायी ओलांडण्याची उथळ जागा) पोहोचलो. पौषातले पाणी, स्वच्छ आणि गार. पैलतीरावर उसाची हिरवी भिंत उभी होती आणि तिच्यामागे गुऱ्हाळांचा धूर वर चढत होता. दोन गाड्या सुखरूप पार झाल्या. आमच्या गाडीचे चाक वाळूत रुतले, गाडी एका अंगाला कलली आणि त्या क्षणी मी दोन्ही हातांनी माझी पिशवी धरली. पिशवीत एक सदरा आणि साबण होता. गाढव पाण्यात पडले आणि वाहू लागले.

काठावर बैल धुणारी माणसे ओरडली, "आरं, नाताळ पोहतंय बघा!"

मामा कमरेइतक्या पाण्यात पुढे सरकले होते. त्यांच्याआधी दानिएलने अंगरख्यासकट उडी घेतली. पन्नासेक हातांवर त्याने गाढवाला गाठले आणि कानाला धरून काठावर ओढून आणले. एक कान हातात आला होता. दानिएल तिथेच ओल्या कपड्यांनी बसला आणि खुंटी ठोकून तो कान बसवू लागला.

मी त्याला म्हणालो, "वाहून गेले असते तर तुमचे काम सोपे झाले असते."

"वाहून गेलं असतं तर बाबांनी घोड्याला हात लावला नसता," तो म्हणाला. "आन् म्या बी ह्याच्यावरच बसायला शिकलो, गुरुजी."

मी पिशवीबद्दल मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "साबण भिजला न्हाई ना?" आणि हसले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

राहूने आमचे स्वागत गुळाने केले. गुऱ्हाळावर काहिलीतला (रस उकळण्याची मोठी कढई) गरम गूळ उसाच्या कांडीवर गुंडाळून हातात दिला. दोन दिवस ठोकाठोक आणि रंगरंगोटी चालली. नाताळच्या सकाळी बांबूच्या शेंड्यावर चांदणी चढली आणि दुपारपर्यंत शिवारात बैलगाड्यांना जागा उरली नाही. वाळकी, पारगाव, कुठून कुठून माणसे आली होती. सरपंच सर्जेराव आबांनी नारळ फोडला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मग आबा फेटा सावरीत पुढल्या उंटावर बसले आणि चक्री फिरली.

मी तिकिटाच्या खोक्यापाशी उभा होतो. उंटांना रांग, गाईला रांग, मेंढरांवर बारकी पोरे तिघे तिघे. गाढवावर पोते. जाता येता कुणी ना कुणी म्हणे, "मामा, ते पावणं लई येळ बसलंय, उतरवा की!" मामा हसत आणि पुढली फेरी सोडत. एकदा, फक्त एकदाच, त्यांची नजर माझ्याकडे आली आणि तशीच दुसरीकडे गेली. मी पुढे झालो. चक्री थांबली होती. गाढव माझ्यासमोरच होते. चारशे माणसे बघत होती आणि त्यातला एकही मला ओळखत नव्हता. तरीही माझे पाय दोन पावले सरकले आणि मी उंटावर बसलो. ती फेरी मला फार लांब वाटली.

दिवस कलला. दानिएलने पेट्रोमॅक्स पेटवले. गोणपाट सोडलेला घोडा मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवलेला होता. दानिएल त्याच्याकडे बघत नव्हता.

तेवढ्यात सर्जेराव आबांची आई, गऊबाई, काठी टेकीत चक्रीजवळ आली. तिने पोत्यावर काठी आपटली.

"हे गाढव हितं कशाला? उंट राजांचे, गाय गोठ्यातली, हे सांगितलंस सकाळी. ह्याचं काय काम?"

मामा म्हणाले, "बाई अवघडलेली व्हती, आई. दिवस भरलेले, पल्ला लांबचा. नवरा सुतार. त्याच्याकडं ना गाडी, ना घोडा. ह्यानं तिला पोचवली."

"तुमच्या पोथीत हाय हे?"

"न्हाई. पाळकसाहेब म्हणतात, गाढवाचं नाव कुठंच लिव्हलेलं न्हाई."

"लिव्हणारे बापेच असतील," म्हातारी म्हणाली. "बाई कशी पोचली ते कोण लिव्हतंय." मग तिने मान वळवली. "सर्जा, हिकडं ये."

आबा आले.

"तू आडवा आला व्हतास. भादव्याचा चिखल, गाडीचं चाक फिरंना. तुझ्या आज्यानं कुंभाराचं गाढव आणलं, मला वर बसवलं आन् कांबळं पांघरलं, कुणी वळखू नये म्हणून. नदीपतुर तशी गेले. मग नाव, मग छकडा, मग मिशनचा दवाखाना. तितं मडमेनं तुला सोडवलं. आपल्या घरात ह्यावर कुणी बोललं न्हाई. इज्जत व्हती ना मोठी."

भोवतालची माणसे जवळ सरकली होती. आबा हळू आवाजात म्हणाले, "आये, हे घरी सांगायचं व्हतंस."

"घरी सांगितलं असतं तर तू ह्याच्यावर बसला असतास व्हय? काढ रं ते पोतं."

दानिएलने दोर सोडला. इतक्या वर्षांचा दोर, गाठ सुटेना. शेवटी त्याने ती दातांनी सोडवली. पोते धप्पकन खाली पडले. म्हातारी एका अंगाने, मांडी आवळून गाढवावर बसली, एक हात त्या नव्याने ठोकलेल्या कानावर. "फिरीव," ती म्हणाली. मामांनी चक्रीला स्वतः हात लावला. पाच फेऱ्या झाल्या. ती उतरली आणि लेकाकडे बघत उभी राहिली.

आबांनी फेटा काढून आईच्या हातात दिला आणि टांग टाकली.

गर्दीतून कुणीतरी म्हणाले, "आबा, उलटं बसू नगा!"

"सरळ बसलोय, दोस्ता," आबा म्हणाले. "तू रांगंत ये."

मग हशा उसळला आणि रांग लागली. उंटांच्या रांगेतली माणसे गाढवाच्या रांगेत आली. जे दिवसभर पोत्याची चेष्टा करत होते तेच आता एकमेकांना ढकलत होते. मीही त्या रांगेत उभा राहिलो आणि बसलो. माझ्या आधी वीस-पंचवीस जण बसून गेले होते, तेव्हा त्यात बहादुरी कसली? पण उतरताना मामांनी मला हात दिला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "या, गुरुजी."

दिवे मालवल्यावर दानिएलने घोड्याकडे बोट दाखवून विचारले, "आता ह्याचं काय?"

"दुसरी चक्री कर," मामा म्हणाले. "जागा हाय आपली."

तिसऱ्या दिवशी मी गुळाच्या गाडीबरोबर भांडगावला आलो. हमरस्त्यावर एस.टी.ला वेळ होता, म्हणून हॉटेलात चहा घेत बसलो. सदऱ्यावर रंगाचे डाग पाहून शेजारच्या बाकावरचा शेतकरी म्हणाला, "नाताळाहून आलासा जणू? कशावर बसला?"

हॉटेल भरलेले होते. दोन मास्तरांसारखे दिसणारे गृहस्थही होते. मी मोठ्याने म्हणालो, "गाढवावर."

"नशीबवान हायसा," तो म्हणाला. "आमची पोरं काल दिवस मावळेपतुर उभी व्हती, नंबर लागला न्हाई. उंटावर बसून आली बिचारी."

एस.टी. आली. पुण्यापर्यंत मला खिडकीची जागा मिळाली. एरवी अशी जागा मिळाली की उभ्या असलेल्यांकडे पाहून मी अवघडून जातो. त्या दिवशी यवत मागे पडेपर्यंत ते माझ्या लक्षातही आले नाही. मग मी उठलो आणि एका बाईला ती जागा दिली, आणि उरलेला रस्ता उभ्याने, दांड्याला धरून, मजेत काढला.