कोऱ्या बाटलीचा निकाल

"बाटली घाण होती, असं म्हणायचंय का तुम्हाला?" मोठे साहेब ओरडले.

"सर, मी एवढंच म्हणतेय की समुद्र असा वागत नाही," चष्म्याच्या बाई म्हणाल्या.

या भांडणाला आता चाळीस वर्षं होतील. माझी नणंद समुद्राचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागून तेव्हा वर्षच झालं होतं. डबा घरी विसरल्या म्हणून मी द्यायला गेले होते. वन्सं आत मोरीवर, नळ सोडलेला, त्यांना काही ऐकू गेलं नाही. मी जिन्याखाली स्टुलावर बसले होते. ऐकायचं नसेल तर माणूस उठून जातो. मी उठले नाही.

वन्संना स्वच्छतेचं वेड. धुतलेला पेला पुन्हा धुवून मगच पाणी प्यायच्या. पाहुणा उठला की खुर्ची पुसायच्या, कधीकधी तो उठायच्या आधीच. नवरा लवकर गेला, आमच्याकडे राहायला आल्या, आणि आमची भांडी झिजायला लागली. नोकरी मिळाली तेव्हा भांड्यांसकट सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

समुद्राचं त्यांनीच मला समजावलं होतं, त्यांना बाईंनी. वर उन्हात डोळ्यांना न दिसणारी वनस्पती असते म्हणे. धुराड्यांनी हवेत सोडलेला कार्बन पाण्यात मुरतो, तो ती खाते. तिला किडे खातात, किड्यांना मासे. मग सगळ्यांची घाण आणि मढी खाली पडत राहतात, पीठ चाळावं तशी. तळाशी ती कुजतात. खतही तिथेच अडकतं आणि कार्बनही, शेकडो वर्षं. वरची वनस्पती उपाशी. वाऱ्याने खालचं पाणी वर आणलं तरच तिला जेवण.

"म्हणजे आपण पाय बुडवून बसतो ते पाणी—"

"वहिनी, जेवताना नको," वन्सं म्हणाल्या. विषय त्यांनीच काढला होता.

तर त्या वर्षी वरच्या पाण्यात फॉस्फेट, म्हणजे तेच खत, भरमसाट निघालं. साहेबांनी ठरवलं, खालचं पाणी वर येतंय. खतामागोमाग गाडलेला कार्बनही हवेत परतणार. बातमी जगाच्या दृष्टीने वाईट, पण साहेब खूश. परदेशात भाषण ठरलं होतं.

"खालचं पाणी असेल तर ते गार हवं," बाई म्हणत होत्या. "थर्मामीटर म्हणतो कोमट आहे."

"मग थर्मामीटर बदला!"

"आणि बाटली?"

"बाटलीत खोट निघाली, तर धुणारी उद्यापासून नको."

घरी येऊन मी वन्संना बजावलं, "विचारलंच तर म्हणा, सांगितलंय तशी धुते. पुढे एक अक्षर नाही. या वयात दुसरी नोकरी कोण देतंय?"

त्यांनी त्यातलं एवढंच ऐकलं, की कुणीतरी त्यांची बाटली घाण म्हणालं.

सकाळी त्या तडक साहेबांच्या खोलीत. मी सोबत म्हणून गेले, खरं तर त्यांचं तोंड दाबायला. उशीर झाला.

"साहेब, घाण कशी असेल? दोनदा साबण लावते! धुवायला दिलेल्या तुमच्या त्या ॲसिडला फेस तरी येतो का? मी घरून साबणाच्या पावडरीचा चांगला पुडा आणते."

बाईंनी पुडा मागवून वाचला. फॉस्फेट. वरूनच दुसऱ्या ओळीत. बाई खुर्चीत बसल्या. साहेब उभेच राहिले, पण तेही बसल्यासारखेच दिसत होते.

"पाटी आहे ना मोरीवर! साबण वापरू नये म्हणून!" साहेब ओरडले.

सगळे खाली गेले. पाटी होती. तिच्यावर साहेबांचा कोट टांगलेला होता.

"कोटाला हात लावायचा नाही, ही तुमचीच ताकीद," वन्सं म्हणाल्या. "नाहीतर तोही धुतला असता."

आता साहेब कुणाला काढणार, कोटाला? वन्सं राहिल्या. साहेबांनी भाषण दिलंच, विषय फक्त बदलला: नमुन्यांची शुद्धता. टाळ्या पडल्या म्हणे.

बाईंनी मात्र एक नियम केला. बोटीच्या दर फेरीला प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी भरून एक कोरी बाटली समुद्रावर जायची आणि तशीच परत यायची. "हिच्यात समुद्राचा नाही, मावशी, तुमचा निकाल." तो शून्य यायला हवा, म्हणजे बाटली स्वच्छ. सव्वीस वर्षं शून्यच आला. शेजारणी नातवंडांचे मार्क सांगायच्या, आमच्या वन्सं सांगायच्या, "यंदाही शून्य." साबण न लावता बाटल्या धुते, हे मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. ती लाज त्यांच्याबरोबरच गेली; आता मीच लिहून टाकली.

बाटल्यांची पेटी दर गुरुवारी बोटीवर त्याच पोचवायच्या. त्यांच्या शेवटच्या गुरुवारी अंगात ताप होता, म्हणून मीही सोबत गेले. मी म्हटलं, "पेटी आज दुसरं कुणी नेईल."

"दुसरं कुणी पेटीला हात लावायच्या आधी हात तरी बघेल का स्वतःचे?"

हातमोजे चढवले, चोवीस झाकणं एकेक पिळून पाहिली, गाडी ढकलत धक्क्यावर गेल्या. मी मागे. बोटवाला सिगारेट ओढत उभा होता.

"मावशी, आज तोंड उतरलंय."

"माझं तोंड राहू दे. राख कुठे झाडतोयस?"

त्याने सिगारेट विझवली, दोन्ही हातांनी पेटी उचलून घेतली. बोट सुटेपर्यंत वन्सं थांबल्या. मग रिकामी गाडी वळवली आणि दुपारच्या बाटल्या भिजत घालायला मोरीकडे निघाल्या.