भाट्याच्या पुलावरचे हललेले फोटो

निवृत्त झाल्यावर मी कॅमेरा घेतला. ओहोटीला भाट्याच्या खाडीत पक्षी उतरतात, ते पुलावरून छान दिसतात. रोज सकाळी मी कठड्याशी उभी राहून फोटो काढायची आणि घरी येऊन बघितलं की एकूण एक फोटो हललेला.

आधी वाटलं, सवय नाही. मग ट्रायपॉड आणला. तरी तेच. ट्रायपॉड असला तरी बटण दाबणारं बोट माझंच होतं, आणि तिथून मनात भीती शिरली. माझ्या वडिलांचे हात साठीनंतर कापायला लागले होते. शेवटी शेवटी आई त्यांना भरवायची. आता मीही स्वयंपाकघराचं दार लोटून हात पुढे धरायची आणि बोटांकडे बघत राहायची. कधी ती स्थिर वाटत, कधी नाही. घरात कोणाला बोलले नाही.

एका रविवारी यजमान सोबत आले. त्यांचं आयुष्य बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेलं. माझे फोटो त्यांनी एकेक करून बघितले. कठड्यावर तळवा टेकून उभे राहिले. एक बस गेली, एक ट्रक गेला. मग मला म्हणाले, टायमर लाव आणि दोन पावलं मागे हो. समोर चिखलात एक बगळा अगदी निश्चल उभा होता. त्याच्यावर कॅमेरा रोखून मी टायमर लावला, मागे झाले. तेवढ्यात एक डंपर गेला. फोटो बघितला तर नेहमीसारखाच हललेला.

"आता कोणाचा हात लागला होता?" त्यांनी विचारलं.

कोणाचाच नाही. जड गाडी गेली की पूल थरथरतो आणि ती थरथर ट्रायपॉडच्या पायांतून वर कॅमेऱ्यापर्यंत जाते. पूल तेवढा हलायलाच हवा, अगदी ताठ राहिला तर तडे जातील, असंही ते म्हणाले. तीस वर्षं आठवीला कंपन शिकवलं मी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रस्ता रिकामा होईपर्यंत थांबलो. पुन्हा टायमर. या वेळी बगळ्याच्या चोचीवरचा चिखलसुद्धा दिसला. मला तिथेच रडू आलं, आणि वडिलांपासूनचं सगळं मी त्यांना सांगून टाकलं.

"अगो, महिनाभर एकटीच घाबरत होतीस?"

त्यांच्या आग्रहाखातर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही दाखवलं. त्यांनी हात पुढे धरायला लावले, कागदावर गोल काढून घेतले आणि काही नाही म्हणाले. घरी येऊन मी आमटीभात जेवले आणि आडवी झाले, ती थेट दिवेलागणीला उठले.