सी भाषा कोणी बसवली

"बोईसरच्या आपल्या कारखान्यातील संगणकावर सी ही भाषा प्रथम बसवली ती मुंबईहून आलेल्या एका तज्ज्ञ अभियंत्याने, कारखान्याच्याच चार फ्लॉपींवरून." कारखान्याच्या स्मरणिकेतले हे वाक्य साफ खोटे आहे. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघते आहे आणि तीत ते पुन्हा छापले जाता कामा नये. ती भाषा मी बसवली. त्या वेळी मी विद्युत विभागात फोरमन होतो.

चारही फ्लॉपी एकेक करून मी हार्डडिस्कवर उतरवल्या. पण भाषेचे नाव टंकले की अशी आज्ञा आपल्याला ठाऊक नाही, असे यंत्र कळवी. शेजारच्या टेबलावरचे स्नेही म्हणाले, "फोरमनसाहेब, फ्यूज बदलून बघा, फ्यूज!" मी तीन दिवस पुस्तिका वाचली. आमची शिफ्टची बस ठरल्या थांब्यांवरच थांबे. यंत्रही यादीत दिलेल्या जागीच शोध घेते. सुरू होताना ते जी फाइल वाचते, तीत मी भाषा उतरवली होती त्या जागेचा रस्ता लिहिला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, आणि भाषा पहिल्या हाकेला धावून आली. दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट सुटल्यावर सहा नवशिक्या कामगारांना मी ती शिकवू लागलो.

पुढे खंडेनवमी आली. दातिवऱ्याचे एक जुने फिटर, माझ्याहून वडील, दरवर्षी यंत्रांची पूजा करीत. त्यांनी संगणकाला हार घातला आणि चारही फ्लॉपींना, आतली चकती जिथे उघडी दिसते नेमके तिथेच, ओले कुंकू लावले.

"काका, हे काय केलंत? आता या वाचता येणार नाहीत!"

"पूजेचं कोन वाचतं? मोठ्या मशीनला कुंकू, नि यांनी काय पाप केलंय? तुमी निस्ते वरडता."

फ्लॉपी त्याच दिवशी निकामी झाल्या. कारखान्यात दुसरा संच नव्हता. तरी दसरा उलटताच माझा वर्ग नेहमीसारखा भरला, कारण भाषा हार्डडिस्कवर होती.

अभियंत्याची विद्वत्ता मला मान्य आहे. परंतु आमच्या फाटकातून ते पहिल्यांदा आत आले, ते त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर.