एकट्याचा दुसरा नंबर

लॉयल टॉर्व्हिकच्या लोणच्याचा दरवर्षी दुसरा नंबर यायचा, आणि त्याच्या गटात दुसरं लोणचंच नसायचं.

एकटाच असेल तर पहिला का नाही, असं कुणीही विचारेल. पण त्या राज्याच्या जत्रेत पहिला नंबर पहिल्या प्रतीच्याच लोणच्याला मिळायचा. तसं आलं नाही तर निळी फीत पेटीतच राहायची. लॉयलच्या बरणीला लाल फीत लागायची आणि शेजारची जागा रिकामी ठेवायचे, अगदी पुसूनबिसून.

लॉयल शाळेची बस चालवायचा. मागून पोरांनी मानेवर सफरचंद फेकून मारलं तरी आरशात बघून हसणारा माणूस. पण कलिंगडाच्या सालीचा विषय निघाला की तो वेगळाच व्हायचा. वरची हिरवी साल काढून आतला पांढरा भाग साखर, व्हिनेगर, लवंग, दालचिनीत मुरवायचा, हे त्याच्या आईचं लोणचं. हल्ली ते कुणी घालत नाही, कारण, खरं सांगायचं तर, ते कुणाला आवडत नाही. ज्या दिवशी तो पाक उकळायला ठेवायचा त्या दिवशी त्याची बायको व्हर्डेल घराच्या खिडक्या उघड्या टाकून बहिणीकडे निघून जायची.

परीक्षक बाई एका वर्षी म्हणाल्या, "साल कडक आहे." पुढच्या वर्षी म्हणाल्या, "मऊ आहे." त्याच्या पुढच्या वर्षी लॉयलनं जिवाचं रान करून बरोबर मधली साधली. बाईंनी बराच वेळ चावलं आणि म्हणाल्या, "मधलीच आहे."

यंदा बरणीचं झाकण लावताना तो म्हणाला, "यंदा शेवटचं. निळी नाही मिळाली तर बरण्या चर्चला देऊन टाकतो." व्हर्डेलला आधी हायसं वाटलं. मग त्याची वाकलेली पाठ दिसली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

जत्रेत बायको आणि मुलगी बरोबर होत्या, पण लॉयलनं लोणच्याच्या हॉलकडे जायचं जेवढं टाळता येईल तेवढं टाळलं. आधी सगळ्यात मोठा डुक्कर बघितला. तो झोपला होता. लोक टोप्या काढून बघत होते.

"हा झोपून पहिला आला," लॉयल म्हणाला.

मग काडीला खोचलेली पोर्क चॉप खाऊन झाली, मग काचेमागची लोण्यात कोरलेली गाय, खऱ्या गाईएवढी. तिथून तो हलेना. "हिच्या शेजारी दुसरी गाय आहे का? नाही ना? मग ही कितवी?"

"डॅड, ती लोण्याची आहे," मुलगी जोलीन म्हणाली. "चल आता. काय तो निकाल बघून टाकू."

हॉलमध्ये शिरताच त्यानं जोलीनचा दंड धरला. "कुणीतरी आलंय!"

कपाटात दोन बरण्या होत्या. त्याच्या बरणीला पांढरी फीत होती, म्हणजे तिसरा नंबर. दुसऱ्या बरणीला लाल. आणि पहिल्याची जागा रिकामी, पुसूनबिसून.

लॉयलचा चेहरा उतरला. चष्मा कपाळावर चढवून तो नाव वाचायला वाकला, आणि तसाच वाकून राहिला.

"व्हर्डेल, अगं, तुझ्या नावाची आणखी एक बाई आहे या राज्यात."

जोलीनला सरबताचा ठसका लागला.

"आडनावही आपलंच! आपल्या नॉर्वेकडच्या नातलगांपैकी कुणी असेल का गं?"

"लॉयल," व्हर्डेल म्हणाली, "ती मीच."

"तू? तू तर वासानं पळतेस!"

"तुझ्या उरलेल्या साली घेतल्या. दालचिनी घातलीच नाही, साखर ओतली भसाभसा. मुद्दाम बिघडवलं रे! म्हटलं, तुझ्या खाली कुणी असलं तर त्यांना तुला वर चढवावंच लागेल."

"मग मी तिसरा कसा?"

"ते मला काय विचारतोस!" तिचे डोळे भरून आले. "मला तुला हरवायचं नव्हतं."

बाहेर भोंग्यावर डुकरांना हाका मारायची स्पर्धा सुरू झाली. कुणी बाई गळा फाडून "सूऽऽई!" करत होती. लॉयल दोन्ही बरण्यांकडे आळीपाळीनं बघत राहिला. वाईट तर वाटलंच. आईच्या लोणच्याचा तिसरा नंबर म्हणजे काही थोडा अपमान नव्हे. पण इतकी वर्षं या कपाटापुढे तो एकटाच उभा राहिला होता. घरचे मागे उभे राहून चुळबुळायचे. आज पहिल्यांदाच तिथे आणखी कुणाचं तरी काहीतरी होतं. त्याला इतका आनंद झाला की तो लपवायला त्यानं चष्मा पुसायला घेतला.

"दालचिनी नाही घातलीस?"

"नाही."

"पुढच्या वर्षी पाक तू कर. साली मी कापतो."

"बरण्या चर्चला देणार होतास ना?" जोलीननं विचारलं.

"चर्चला काय कमी बरण्या आहेत?" लॉयल म्हणाला.

बाहेर येऊन त्यानं सरबताच्या गाडीवर दोन पेले मागितले आणि, कुणी काही विचारलं नसताना, गाडीवालीला सांगितलं, "ही माझी बायको. इतकी वर्षं मी रिकाम्या जागेकडून हरत होतो. आज हिनं हरवलं."

"अभिनंदन," गाडीवाली म्हणाली, आणि दोघांच्याही पेल्यात तिनं बर्फ जरा जास्तच घातला.